नव्या कार्डांचा चढा भाव
पोकेमॉनचा नवा संच बाजारात येताच ‘पीएसए १०’ शिक्क्याच्या कार्डांना अनेकदा अवाच्या सवा भाव येतो. पीएसए ही अमेरिकी कंपनी कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग तपासून १ ते १० अशी श्रेणी देते आणि ते प्लॅस्टिकच्या कवचात बंद करते. आरंभी तपासून परतलेली कार्डे मोजकीच. उतावळा संग्राहक या तात्पुरत्या टंचाईलाच दुर्मीळता समजतो. कंपनी श्रेणीनिहाय संख्या जाहीर करते खरी, पण तपासणीच्या रांगेतली कार्डे तीत धरलेली नसतात. ती परतली की संख्या फुगते आणि भाव बहुधा ओसरतो. १९९९च्या पहिल्या आवृत्तीतील चारिझार्डची गोष्ट निराळी: मुलांनी ते खिशात कोंबले, खेळून झिजवले, म्हणून निर्दोष प्रती थोड्याच उरल्या. आजचे महागडे कार्ड पाकिटातून निघते ते बहुतेकदा थेट कवचात जाण्यासाठीच.