धूर, अग्नी आणि संगणक

मंडळी, वाशीच्या खाडीपुलावरून लोकल जाते तेव्हा दक्षिणेकडच्या खिडकीतून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. इथे बसलेल्यांपैकी काहींची मुलं तिथे नोकरीला असतील, म्हणून मी जरा जपून बोलतो. (हशा)

११ आणि १३ मे १९९८ या दोन दिवसांत पोखरणला पाच स्फोट झाले. संगणकीय सिम्युलेशन सुधारण्यासाठी जादा माहिती हवी होती, हे १३ तारखेच्या सरकारी निवेदनातच होतं. त्यानंतर भारताने स्वतःहून चाचण्या थांबवल्या. म्हणजे पुढचा भरवसा बराचसा संगणकावर. अमेरिकेनेही १९९२ नंतर स्फोट केलेला नाही. पण त्यांच्या गाठीशी हजाराहून अधिक चाचण्या आहेत. आपल्या, १९७४ची धरून, सहा. यंत्रंही कुणी सहज दिली नाहीत. क्रे महासंगणक नाकारला गेला, मग पुण्यात सी-डॅकने 'परम' आणि ट्रॉम्बेला 'अनुपम' उभा राहिला.

सिम्युलेशनमध्ये करतात काय? पदार्थाचे बारीक चौकोन कल्पायचे, काळाचे तुकडे पाडायचे आणि दर तुकड्याला प्रत्येक चौकोनातला दाब, घनता, तापमान काढायचं. त्यासाठी प्रचंड दाबाखाली धातू कसा वागतो, हे आधी माहीत असावं लागतं. तेव्हाचे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राजगोपाल चिदंबरम यांचं बरंचसं संशोधन याच विषयातलं, उच्च दाबाखालच्या पदार्थांचं. प्रयोगशाळेतलं ज्ञान शस्त्रापर्यंत जातं ते असं.

आता माझा प्रांत. न्यायशास्त्रात एक जुना दाखला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. उलट म्हटलं, जिथे अग्नी तिथे धूर, तर चुकतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं लाकूड लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. ज्याने जन्मभर ओल्या लाकडाचीच चूल पाहिली, त्याला ती कधी दिसणारच नाही!

सहा स्फोटांशी गणित जुळलं, हे झालं आपल्या चुलीवरचं. पण १९९८च्या औष्णिक-अण्वस्त्राची अधिकृत ताकद ४५ किलोटन, आणि त्या अनुभवावर २०० किलोटनपर्यंतची रचना करता येईल, असं आपल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं. मधल्या अंतरात एखादी उपाधी दडलेली नाही, हे कशावरून?

२००९ साली के. संथानम यांनी, जे १९९८ला डीआरडीओतर्फे पोखरणच्या कामात होते, त्या ४५च्या आकड्यावरच शंका घेतली. चिदंबरम आणि अनिल काकोडकर यांनी ती ठामपणे फेटाळली. कोण बरोबर, ते मी ठरवणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. गणित बिनचूक सोडवलं की नाही, हे संगणकावर पुन्हा तपासता येतं. योग्य तेच गणित मांडलं होतं की नाही, ते मात्र मोजमापांशी ताडून पाहावं लागतं. इथे बरीचशी मोजमापं गोपनीय, आणि तीही तशी असण्याला कारण आहे. त्यामुळे उपाधी शोधायला जो बाहेरचा, हट्टी, थोडा भांडखोर माणूस लागतो, त्याला आत प्रवेशच नाही. आणि आपलं धोरण तर पहिला वार न करण्याचं. प्रत्युत्तर नक्की येईल, या समोरच्याच्या खात्रीवर ते उभं आहे.