मोटारीविना महाबळेश्वर?

सुट्टीचे दिवस आले, की वाईचा पसरणी घाट मोटारींनी भरून जातो. सांगली-साताऱ्याकडील कुटुंबे थंड हवेसाठी घराबाहेर पडतात आणि पाचगणीच्या अलीकडेच वाहनांच्या रांगेत धूर घेत बसतात. ज्या शांततेच्या ओढीने माणसे येतात, ती त्यांचीच वाहने हिरावून घेतात. तथापि रस्ता रुंद करणे व वाहनतळ वाढविणे यापलीकडे विचार सहसा जात नाही.

दुसरा मार्ग मात्र अस्तित्वात आहे. स्वित्झर्लंडमध्ये आल्प्स पर्वतात, मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी सुमारे १६०० मीटर उंचीवर झेरमाट हे गाव आहे. तेथे १८९१ साली आगगाडी पोहोचली. आजही पाहुण्यांना आपली मोटार पाच किलोमीटर अलीकडे टेश या गावी ठेवून आगगाडीने किंवा टॅक्सीने वर जावे लागते. गावात विजेवर चालणारी लहान वाहने तेवढी फिरतात. म्हणून पर्यटक तेथे यावयाचे थांबले, असे झालेले नाही.

परंतु यासाठी आल्प्सपर्यंत जाण्याचेही कारण नाही. रायगड जिल्ह्यातील माथेरानमध्ये खाजगी मोटारींना प्रवेश नाही. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पीरभॉय घराण्याच्या पुढाकाराने १९०७ साली पूर्ण झालेली नेरळची छोटी गाडी, घोडे आणि पायवाटा यांच्यावर हे गाव चालत आले. झाडीतील तांबड्या वाटेवर लहान मूल निर्धास्त धावू शकते, ही तेथील खरी श्रीमंती होय.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. मोटार नाही म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर पडते. माथेरानात ते हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी चढावर वाहिले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरविली, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांचा मार्ग सुचविला. पाहुण्याची शांतता श्रमिकाच्या छातीच्या भात्यावर उभी राहता कामा नये, हाच त्याचा अर्थ.

महाबळेश्वरचा विचार करताना हे दोन्ही धडे ध्यानात घ्यावे लागतील. माथेरानप्रमाणे हे गाव रस्त्याच्या शेवटी नाही. पोलादपूरमार्गे कोकणात जाणारी वाट येथूनच उतरते. तालुक्याचे कामकाज येथे चालते. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा माल याच रस्त्याने बाजारात जातो. तेव्हा सरसकट बंदी अन्यायाची ठरेल. शेतमाल, रुग्णवाहिका, एस.टी. आणि स्थानिकांची वाहने मोकळी ठेवून, केवळ गर्दीच्या हंगामात पर्यटकांच्या मोटारी वाई व मेढा येथे थांबविणे आणि तेथून वारंवार सुटणाऱ्या एस.टी. गाड्यांची सोय करणे, एवढे तरी करून पाहता येईल. वरच्या वाहतुकीचे काम मात्र आज ज्यांचे पोट टॅक्सीवर व घोड्यांवर आहे, त्यांनाच प्रथम मिळाले पाहिजे.

यात कायद्याचा आधारही आहे. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने २००१ सालीच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. येथे उगम पावणारी कृष्णा वाईवरून येते, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटात घेऊन सांगलीच्या घाटाला लागते. या डोंगरमाथ्याचे रान व माती टिकणे ही केवळ हौशी प्रवाशांची गरज नव्हे. खाली नदीकाठी राहणाऱ्या, महाबळेश्वर कधीही न पाहिलेल्या माणसाचाही त्याच्याशी संबंध आहे.

मोटार असणे हा आज प्रतिष्ठेचा विषय आहे, आणि ती पायथ्याशी सोडणे म्हणजे कमीपणा, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः मंदिराच्या दाराशी पादत्राणे काढताना कोणालाही कमीपणा वाटत नाही. डोंगराच्या बाबतीत तीच मर्यादा पाळण्यास आरंभ केव्हा करावयाचा, एवढाच प्रश्न आहे.