एक बोलीशब्द आणि आपत्तीची पूर्वतयारी

लहान वस्त्यांनी आपत्तीला तोंड देण्याची तयारी करावी व तीत विद्यापीठांनी साहाय्य करावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. परंतु विद्यापीठाने ज्ञान द्यावे आणि गावाने ते घ्यावे, एवढ्याने कार्यभाग साधतो काय? ईशान्य जपानमधील कामाइशी या किनारी नगराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८९६ साली या सान्रिकु किनाऱ्यावर आलेल्या त्सुनामीत सुमारे २२,००० माणसे दगावली. १९३३ साली पुन्हा तोच प्रसंग ओढवला. आप्तांना वाचविण्यासाठी थांबलेली कुटुंबेच्या कुटुंबे वाहून गेली. या स्मृतीशी ‘त्सुनामी तेंदेन्को’ हे वचन निगडित आहे. ‘तेंदेन’ म्हणजे ज्याचा तो, सुटासुटा. ‘को’ हा तेथील बोलीतील लघुत्ववाचक प्रत्यय होय. लाट येताच ज्याने त्याने उंच जागा गाठावी, हा त्याचा वाच्यार्थ. १९९० पासून इतिहाससंशोधक फुमिओ यामाशिता यांच्यामुळे ते किनाऱ्याबाहेरही परिचित झाले.

वरवर पाहता हे वचन स्वार्थाचे वाटते. गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी २००४ च्या सुमारास कामाइशीत काम आरंभिले, आणि पुढे तेथील शाळांतून या वचनाचा निराळा अर्थ उलगडून दाखविला. मूल खात्रीने पळाले असेल, असा आईचा विश्वास असेल तरच ती त्याला शोधीत किनाऱ्याकडे जाणार नाही. म्हणून ‘मी नक्की पळेन, तूही पळ’ हे मुलांनी घरी आधीच सांगून ठेवावयाचे. त्यांच्या शिकवणीची सूत्रे तीन: गृहीतांवर विसंबू नका; प्रसंगी शक्य ते सर्व करा; इतरांची वाट न पाहता प्रथम स्वतः निघा. पहिल्या सूत्रातील ‘गृहीतां’मध्ये तज्ज्ञांनी काढलेला धोक्याचा नकाशाही येतो, हे विशेष.

११ मार्च २०११ रोजी याची कसोटी लागली. उनोसुमाई भागातील दोन शाळा नकाशानुसार धोक्याच्या कक्षेबाहेर होत्या. तरीही माध्यमिक शाळेची मुले धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुले निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. पहिले ठिकाण सुरक्षित वाटेना, तेव्हा ती आणखी वर गेली. मागे दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. नगरातील सुमारे २,९०० शाळकरी मुलांपैकी बहुतेक सर्व वाचली, पाच दगावली.

याच भागातील आपत्तिनिवारण केंद्राची कथा मात्र विपरीत आहे. ते त्सुनामीसाठी नेमलेले आश्रयस्थान नव्हते. पण सरावात लोक तेथे जमत असत, म्हणून त्या दिवशीही जमले. त्यांतील शंभराहून अधिक माणसे बुडाली. संपूर्ण नगरात मृत व बेपत्ता मिळून हजारावर माणसे गेली. शाळेत पोहोचलेला विचार प्रौढांत तितका मुरला नव्हता, असे यावरून म्हणावे लागते.

दोन्ही ठिकाणी सराव झाला होता. फरक होता तो सरावाने काय शिकविले यात. एका ठिकाणी जागा शिकविली गेली, दुसऱ्या ठिकाणी निर्णय करावयास शिकविले गेले. विद्यापीठाने नकाशा अवश्य द्यावा. परंतु त्या नकाशावर शंका घेण्याचे बळही द्यावे, आणि त्यासाठी वस्तीच्या भाषेत आधीच असलेले शब्द शोधावेत. समुद्रकिनारा नसलेल्या प्रांतातील एका प्राध्यापकाने किनाऱ्यावरच्या मुलांना त्यांच्याच प्रदेशातील एका शब्दाचा अर्थ नव्याने दिला. या सहकार्याचे मर्म त्यातच आहे.