काट्याला काय कळतं?

दोस्तांनो, एक कोडं सोडवा पाहू! साल 1952. फिनलंडमधलं हेलसिंकी शहर. ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटाच्या कुस्त्या चालल्या आहेत. गट 57 किलोपर्यंतचा. म्हणजे वजनकाट्याला विचाराल, तर सगळे मल्ल जवळजवळ सारखेच! मग पदकं तिघांनाच कशी मिळाली? आणि त्यातलं ब्राँझपदक आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीच कसं पटकावलं?

उत्तर सोपं आहे. दम, चपळाई, पकड, डावपेच यातलं काहीच काट्यावर दिसत नाही.

आपण मात्र काट्यालाच परीक्षक करून टाकतो. सोमवारपासून जोरात व्यायाम सुरू! आठ दिवस घाम गाळायचा आणि काट्यावर चढायचं. काटा जागच्या जागी. की लगेच, 'जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं!' दोरीच्या उड्यांची दोरी पुन्हा खुंटीला.

अहो, पण काटा मोजतो तरी काय? हाडं, स्नायू, चरबी, पोटातलं जेवण, सगळं एकाच गाठोड्यात. अर्धा लिटर पाणी पिऊन काट्यावर उभे राहा, वजन अर्धा किलोनं वाढलेलं दिसेल. तेवढ्यात तुम्ही जाड झालात का?

शिवाय तुमचं वय वाढीचं. उंची वाढते, हाडं भरतात, त्याबरोबर वजन वाढणारच. वाढायलाच हवं! मुलींची ही झेप मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. नेमकं तेव्हाच वर्गात कुणीतरी 'जाडी' म्हणून चिडवतं आणि मधल्या सुटीतला डबा न उघडताच घरी परत जातो. हे फार वाईट. हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आत साठते. त्या दिवसांत दूध, उसळ, भाकरी टाळली, तर तोटा पुढे आयुष्यभर सोसावा लागतो. वजन कमी-जास्त आहे का, हे उंची आणि वय पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या. चिडवणाऱ्यांना नाही!

मग आपण मोजायचं काय? एक जुनी वही घ्या आणि दर रविवारी चार गोष्टी लिहा.

एक, नाडी. मिनिटभर दोरीच्या उड्या मारा, मग मिनिटभर थांबून नाडीचे ठोके मोजा. नियमित व्यायामानं हृदय बळकट होतं, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि लवकर शांत होतं. काही आठवड्यांत हा आकडा उतरू लागेल.

दोन, सूर्यनमस्कार. न थांबता किती झाले? आखाड्यात वस्तादसुद्धा 'जोर किती मारलेस?' असंच विचारतात ना!

तीन, लवचीकपणा. गुडघे न वाकवता बोटं कुठवर पोचतात? नडगीपर्यंत की पावलांपर्यंत? झटके मात्र द्यायचे नाहीत.

चार, झोप. रात्री किती तास झालात गाढ आणि सकाळी हाका न मारता उठलात का?

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल करायला सांगते. घाबरू नका, त्यात खो-खो, सायकल, शाळेपर्यंत झपझप चालणं सगळं धरतात. मित्रमैत्रीण सोबत असेल, तर कंटाळाही जवळ फिरकत नाही.

परीक्षा आली, सर्दी झाली, आठवडा बुडाला? बुडू दे. वहीत एक रेघ मारा आणि पुन्हा सुरू करा. खाशाबा 1948 मध्ये लंडनला सहावे आले होते. पदक मिळालं ते पुढच्या चार वर्षांच्या मेहनतीनंतर.

तेव्हा येत्या रविवारी वहीचं पहिलं पान भरून टाका. पहिले आकडे लहान असतील, असू देत. ते कुणाला दाखवायचे नाहीत, पुढच्या महिन्यात त्यांना मागे टाकायचं आहे!