तरुण पिचर आणि त्यांचे हितचिंतक

न्यूयॉर्क शहरात फेब्रुवारी महिन्यात रस्त्यांच्या कडेला बर्फाचे ढीग साचलेले असतात, आणि त्याच वेळी दूर दक्षिणेस फ्लॉरिडाच्या उबदार हवेत त्या शहराच्या मेट्स या बेसबॉल संघाचा सराव सुरू झालेला असतो. खरे सामने सुरू व्हावयास अद्याप महिना-दीड महिना अवकाश असतो. तथापि भुयारी रेल्वेत, न्हाव्याच्या दुकानात आणि कचेऱ्यांतील दुपारच्या सुट्टीत एक वाद केव्हाच रंगात आलेला असतो. वादाचा विषय असतो संघातील तरुण पिचर. कोणाच्या चेंडूला वेग अधिक, कोणाचा चेंडू ऐन वेळी खाली बुडतो, कोणाला आणखी एक वर्ष कनिष्ठ संघात मुरू द्यावे, आणि कोणाचा भाव चढा आहे तोवरच त्याला दुसऱ्या संघास देऊन त्याच्या बदली एखादा कसलेला फलंदाज पदरात पाडून घ्यावा! बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी त्या मुलांना प्रत्यक्ष मैदानात एकदाही पाहिलेले नसते. बाजारात तुरी असताना घरात जो कलह माजतो, त्याच जातीचा हा कलह होय, असे कोणी म्हटले तर त्यास फारसे उत्तर देता यावयाचे नाही. परंतु या कलहाच्या मुळाशी एक खरा आणि अवघड प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांच्या हातीही फार क्वचित लागले आहे.

पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, असे सांगितले म्हणजे क्रिकेट जाणणाऱ्यास पुष्कळसा बोध होतो. पण तो अर्धाच. पिचर एका बुटक्या उंचवट्यावर उभा राहतो आणि तेथून ६० फूट ६ इंच अंतरावर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडूला टप्पा नाही. तो सरळ जावयाचा. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा एक काल्पनिक चौकोन असतो. त्या चौकोनातून चेंडू गेला, किंवा फलंदाजाची बॅट हुकली, तर त्याची एक संधी गेली, आणि अशा तीन संधी गेल्या की तो बाद. अशा बादाची खूण म्हणून धावपत्रकात ‘के’ हे इंग्रजी अक्षर लिहितात. उलट चार चेंडू चौकोनाबाहेर गेले तर फलंदाज काहीही न करता पहिल्या बेसवर चालत जातो. एवढ्यावरून तरुण पिचरची परीक्षा कशी करतात ते ध्यानात यावे. किती जणांना त्याने ‘के’ दिला आणि किती जणांना फुकट चालू दिले, या दोन आकड्यांचे प्रमाण जाणते प्रेक्षक तोंडपाठ सांगतात. आणि ते प्रमाण म्हणजे काही नुसती गंमत नव्हे, पुढील यशाची ती बरीच विश्वासार्ह निशाणी आहे.

क्रिकेटमध्ये गोलंदाजीचा भार पाच-सहा जण वाटून घेतात. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत एकटाच चेंडू टाकीत राहतो, आणि एकदा त्याला काढून घेतले म्हणजे त्या दिवशी तो पुन्हा मैदानात येऊ शकत नाही. शंभराच्या आसपास चेंडू टाकल्यावर त्याला चार दिवस विश्रांती लागते; म्हणून अलीकडे प्रत्येक संघ असे पाच जण पाळीपाळीने वापरतो. पाचांपैकी तीन तरुण आणि उत्तम निघाले, तर संघाचे कित्येक वर्षांचे भले झाले, असा हिशेब प्रेक्षक मांडतात. हिशेबात चूक नाही. चूक होते ती कोपरापाशी.

क्रिकेटचा नियम गोलंदाजाला कोपरातून हात झटकू देत नाही. त्यामुळे वेगवान गोलंदाजाचा भार मुख्यतः पाठीच्या कण्यावर आणि गुडघ्यांवर पडतो. पिचरला तसे बंधन नाही. तो हात मागे नेऊन, कोपर वाकवून, एखाद्या चाबकाप्रमाणे पुढे झटकतो. त्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूस असलेल्या एका लहानशा अस्थिबंधावर विलक्षण ताण येतो. तो अस्थिबंध तुटला म्हणजे पूर्वी खेळाडूची कारकीर्दच संपत असे. १९७४ साली लॉस एंजल्स येथील डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातील एक स्नायुरज्जू काढून त्या जागी बसविला. जॉन १९७५ चा संपूर्ण मोसम घरी बसला, १९७६ साली परतला, आणि पुढे १९८९ पर्यंत खेळून त्याने शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकले. आज त्या शस्त्रक्रियेस त्याच खेळाडूच्या नावाने ओळखतात, आणि वैद्याऐवजी रोग्याचे नाव अजरामर व्हावे, असे उदाहरण विरळाच. मात्र शस्त्रक्रिया निघाली म्हणून धोका टळला असे नाही. वर्ष-दीड वर्ष वाया जाते, आणि परतलेला हात पहिलाच राहील याची हमी कोणी देत नाही.

मेट्स संघाच्या प्रेक्षकांना या गोष्टीचा अनुभव इतरांपेक्षा जरा अधिकच आहे. न्यूयॉर्कचे दोन जुने संघ १९५७ च्या मोसमानंतर कॅलिफोर्नियात निघून गेले आणि त्यांच्या पोरक्या झालेल्या चाहत्यांसाठी १९६२ साली हा नवा संघ निघाला. पहिल्याच वर्षी तो १२० सामने हरला! तरीही लोक चादरींवर घोषवाक्ये रंगवून मैदानात येत. पुढे संघात तरुण पिचर येऊ लागले. टॉम सीव्हर तर अक्षरशः चिठ्ठी काढून मिळाला. एका संघाने त्याच्याशी केलेला करार १९६६ साली नियमबाह्य ठरला, तीन इच्छुक संघांची नावे टोपीत टाकण्यात आली आणि मेट्सची चिठ्ठी निघाली. सीव्हरविषयी वाद घालण्यास प्रेक्षकांना फारशी संधीच मिळाली नाही; १९६७ मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९६९ मध्ये त्याने २५ सामने जिंकले. वाद होता तो इतर दोघांविषयी.

१४ ऑक्टोबर १९६९ हा दिवस या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अजिंक्यपदाच्या मालिकेतील तिसरा सामना न्यूयॉर्कमध्ये बाल्टिमोर संघाविरुद्ध चालू होता. मेट्सकडून सुरुवात केली गॅरी जेन्ट्रीने. त्या वर्षीच तो मोठ्या संघात आला होता आणि १३ सामने जिंकून बसला होता. सातव्या डावात दोन गडी बाद झाल्यावर त्याचा ताबा सुटला, त्याने लागोपाठ तिघांना फुकट चालू दिले आणि तिन्ही बेस भरले. तेव्हा त्याच्या जागी नोलन रायन आला. आल्या आल्या एक जोरदार टोला बसला. टॉमी एजीने धावत जाऊन, जमिनीवर झेप घेऊन तो झेलला, आणि पुढे रायनने सामना ५-० असा सुखरूप संपविला. मेट्सने ती मालिका ४-१ अशी जिंकली. त्या दिवशी जेन्ट्री नुकताच २३ वर्षांचा झाला होता, रायन २२ वर्षांचा होता. दोघांचेही हात मजबूत. त्या दुपारी मैदानात हजारो लोक होते. त्यांपैकी कोणी जर असे सांगितले असते की, या दोघांपैकी एकाची कारकीर्द एकूण ४६ विजयांवर, वयाच्या २८ व्या वर्षी आटोपेल, आणि दुसरा वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळून ५,७१४ फलंदाजांना ‘के’ देईल, तर कोण कोणता हे ओळखणे सोपे नव्हते. किंबहुना बहुतेकांनी उलटेच सांगितले असते. जेन्ट्री नेमाने सामन्याची सुरुवात करीत होता. रायनचा वेग अफाट. पण चेंडू कोठे जाईल याचा त्यालाच भरवसा नसे. त्याच्या बोटांना फोड येत, आणि त्यावर उपाय म्हणून त्याला लोणच्याच्या खारात बोटे बुडवून बसावे लागे. राखीव सैनिक म्हणून अधूनमधून लष्करी सेवेस जावे लागे, ते वेगळेच.

१९७१ च्या मोसमात रायनने १५२ इनिंगमध्ये ११६ फलंदाजांना फुकट चालू दिले. येथे प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात, आणि हे दोन पक्ष आजतागायत तसेच आहेत. एक म्हणतो, वेग शिकवून येत नाही, अचूकपणा शिकविता येतो; म्हणून थांबावे. दुसरा म्हणतो, पाच वर्षे थांबलो, आता पुरे. संघाच्या चालकांनी दुसऱ्या पक्षाचे ऐकले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी रायन आणि आणखी तीन तरुण खेळाडू कॅलिफोर्निया एंजल्स संघास देऊन जिम फ्रेगोसी हा नामांकित खेळाडू घेतला. फ्रेगोसी दीड मोसमात निकामी ठरून दुसरीकडे गेला. रायनने १९७३ साली एकाच मोसमात ३८३ जणांना ‘के’ दिला. आता चालकांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये ती पन्नास वर्षे ठेवली जात आहेत. परंतु त्यांच्यापुढे जे आकडे होते, ते पाहता त्यांचा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. ज्या वेळी जेन्ट्रीचा कोपर दुखावत चालला होता, त्या वेळी रायनच्या कोपरात असे काय होते की तो आणखी बावीस वर्षे टिकला, हे कोणत्याच आकड्यात लिहिलेले नव्हते.

यानंतर चोवीस वर्षांनी त्याच शहरात आशेला पुन्हा भरती आली. बिल पल्सिफर, जेसन इझ्रिंगहाउसेन आणि पॉल विल्सन हे तीन तरुण एकदम तयार होत होते. वृत्तपत्रांनी त्यांना ‘जनरेशन के’ असे नाव दिले. त्यातला ‘के’ कोणता, हे वर आलेच आहे. विल्सन १९९४ मधील खेळाडूंच्या निवडीत साऱ्या देशात पहिला निवडला गेला होता. इझ्रिंगहाउसेन मात्र ४४ व्या फेरीत, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत सापडलेला. १९९५ मध्ये त्याने नऊ सामने जिंकले, दोनच हरला, आणि प्रेक्षकांनी पुढील दहा वर्षांचे मनोरे रचले. तिघांचा क्रम काय असावा, यावरच काय ते मतभेद! पण त्या वर्षी पल्सिफर २१ वर्षांचा आणि इझ्रिंगहाउसेन २२ वर्षांचा असताना कनिष्ठ व वरिष्ठ संघ मिळून प्रत्येकाकडून दोनशेहून अधिक इनिंग टाकून घेण्यात आल्या होत्या, याकडे तेव्हा फार थोड्यांचे लक्ष गेले. १९९६ च्या वसंतात पल्सिफरचा अस्थिबंध तुटला. विल्सन त्या वर्षी आला, पाच सामने जिंकला, बारा हरला, आणि खांद्याच्या शस्त्रक्रियेस गेला. इझ्रिंगहाउसेनलाही शस्त्रक्रिया चुकली नाही. शिवाय १९९७ साली त्याला क्षयाची बाधा झाली. परिणाम असा की, मेट्सच्या पाच पिचरांत हे तिघे एका वेळी एकदाही उभे राहिले नाहीत. पल्सिफरचे एकूण विजय १३ झाले, विल्सनचे ४०. इझ्रिंगहाउसेनने दुसऱ्या संघात जाऊन सामन्याच्या अखेरीस येणाऱ्या पिचरचे काम पत्करले, त्यात नाव मिळविले, आणि २०११ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, मेट्समध्ये परत येऊन आपला तीनशेवा सामना राखला. शेवटच्या फेऱ्यांत निवडलेला टिकला आणि पहिला निवडलेला टिकला नाही.

त्या सुमारास बेसबॉलच्या अभ्यासकांत एक उक्ती रूढ झाली की, ‘होतकरू पिचर’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. ही अतिशयोक्ती होती. पण अशी अतिशयोक्ती पोळल्यावाचून सुचत नाही.

मे २०१४ मध्ये मेट्सने दोन नवे पिचर एका दिवसाच्या अंतराने मैदानात उतरविले. पहिला राफाएल माँटेरो. सगळी चर्चा त्याचीच. दुसरा जेकब डीग्रॉम, वय जवळजवळ २६, नवव्या फेरीत निवडलेला, महाविद्यालयात बहुतेक काळ पिचर नव्हे तर क्षेत्ररक्षक म्हणून खेळलेला. वर्षअखेरीस डीग्रॉम सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१८ व २०१९ साली पिचरांना मिळणारा सर्वोच्च सन्मान, साय यंग पारितोषिक, त्याने पटकाविले. मग लोक कारण शोधू लागले. उशिरा पिचर झाल्याने त्याचा हात कमी झिजला होता, असे कारण सांगण्यात आले. ऐकावयास ते पटते. पण त्याच्या कोपरावरील पहिली शस्त्रक्रिया २०१० सालीच, म्हणजे निवड झालेल्या वर्षीच झाली होती, आणि २०२३ साली दुसरी करावी लागली. माँटेरो अनेक वर्षे चाचपडला, आणि २०२२ साली ह्यूस्टन संघाच्या अजिंक्यपदात त्याने आपला वाटा उचलला.

प्रेक्षकांची आशा आणि खेळाडूचा हात यांची गाठ सर्वांत उघडपणे पडली ती १ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री. मॅट हार्वीचे कोपर दोन वर्षांपूर्वी शिवून घेतलेले. त्या वर्षी त्याने किती इनिंग टाकाव्यात यावर उन्हाळाभर वाद झाला होता. डॉक्टरांची मर्यादा पाळावी असे म्हणणारे थोडे, आणि अजिंक्यपद समोर असताना हा घरी बसतो कसा, असे विचारणारे पुष्कळ. मालिकेचा पाचवा सामना होता आणि मेट्सपुढे विजय किंवा पराभव हीच निवड होती. हार्वीने आठ डावांत एकही धाव दिली नाही. मेट्स २-० ने पुढे. व्यवस्थापक टेरी कॉलिन्स यांनी त्याला थांबविण्याचे ठरविले. हार्वीने हट्ट धरला, मैदान त्याच्या नावाने दुमदुमत होते, आणि कॉलिन्स नमले. नवव्या डावात हार्वीने एकाला फुकट चालू दिले, दुसऱ्याने टोला मारला, आणि सामना हातचा निसटून बाराव्या डावात ७-२ असा गेला. त्या वर्षी हार्वीच्या २१६ इनिंग झाल्या होत्या. पुढील वर्षी खांद्याजवळची एक फासळी काढण्याची शस्त्रक्रिया त्याच्या वाट्यास आली, आणि मग तो पूर्वीचा हार्वी राहिला नाही. त्या एका रात्रीमुळे असे झाले, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण मैदानात नावाचा गजर करणाऱ्यांपैकी कित्येक जण अजूनही त्या गजराविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे महिनाभरात नोलन मॅक्लीन, जोना टाँग आणि ब्रँडन स्प्रोट असे तीन तरुण पिचर मेट्सकडून प्रथमच मैदानात उतरले. तिघे एकदम आलेले पाहून ज्यांना १९९५ आठवत होते त्यांनी ते बोलून दाखविले, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांनी तिघांचा क्रम लावावयास घेतला.