बारावी इंग्रजी : पेपर एका नजरेत

रचना (राज्य मंडळ)
- लेखी 80 गुण, अंतर्गत 20 गुण. वेळ 3 तास. उत्तीर्णतेसाठी 100 पैकी 35.
- पुस्तक : 'इंग्लिश युवकभारती'.
- गद्य व व्याकरण 34, कविता 14, लेखनकौशल्य 16, कादंबरी 16 गुण.

कादंबरी विभाग (निवडक भाग)
- 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' : ज्यूल व्हर्न, मूळ फ्रेंच.
- 'द साइन ऑफ फोर' : आर्थर कॉनन डॉइल, 1890, शेरलॉक होम्सची दुसरी कादंबरी.
- 'टू सर, विथ लव्ह' : ई. आर. ब्रेथवेट, 1959, लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळा.

गल्लत होणाऱ्या जोड्या
- सिमिली : तुलना 'लाइक' किंवा 'अ‍ॅज'ने. मेटाफर : असा शब्द न वापरता थेट आरोप.
- अलिटरेशन : जवळच्या शब्दांच्या आरंभी एकाच व्यंजनध्वनीची पुनरावृत्ती. 'नाइट' आणि 'नेम' चालते. 'सिटी' आणि 'कॅट' नाही, कारण अक्षर तेच असले तरी ध्वनी वेगळा.
- 'नो सूनर' वाक्यारंभी आल्यास साहाय्यक क्रियापद कर्त्याआधी. पुढे 'व्हेन' नव्हे, 'दॅन'.
- इनडायरेक्ट स्पीच : 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चे 'देअर'. त्रिकालाबाधित सत्य सांगणारे वाक्य वर्तमानकाळातच राहू शकते.