बाउलचं जागावाटप

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या क्रीडापत्रकारांच्या याद्या सुरू होतात. डिसेंबरच्या अखेरीस कुठल्या गावात, कुठल्या ‘बाउल’मध्ये, कुठली दोन विद्यापीठं एकमेकांशी भिडणार, याचे हे अंदाज. खेळ म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. अव्वल गटात एकशे तीसहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. प्रत्येकाचे नियमित सामने बारा, आणि त्यानंतर होणारे बाउल चाळीसच्या आसपास. तिकडे शिकायला गेलेली आपली मुलंही दुसऱ्या वर्षापर्यंत या याद्यांवर तावातावाने बोलू लागतात. बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी उगवतात: बाउल म्हणजे एखाद्या स्पर्धेची पुढची फेरी, अशी समजूत.

गैरसमज: गुणतक्ता पाहिला की जोड्या कळतात

बाउलचा जन्मच मुळी पर्यटनातून झाला. १९०२ च्या १ जानेवारीला पॅसाडेनात मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवला तो गुलाबांच्या मिरवणुकीच्या आयोजकांनी, थंडीने गारठलेल्या लोकांनी कॅलिफोर्नियात यावं म्हणून. मिशिगनने ४९-० अशी धूळ चारली. सामना इतका एकतर्फी झाला की आयोजकांनी फुटबॉलचा नाद सोडला आणि पुढे काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती भरवल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. त्याच सामन्याला पुढे ‘रोज बाउल’ हे नाव मिळालं.

आजही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफबाहेरचा प्रत्येक बाउल हा स्वतंत्र कार्यक्रम असतो. त्याला प्रायोजक लागतो, हॉटेलं भरायची असतात, टीव्हीवर प्रेक्षक हवे असतात. यातले डझनाहून अधिक बाउल तर ईएसपीएन या वाहिनीच्याच कंपनीच्या मालकीचे आहेत. संघांच्या गटांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. प्रत्येक बाउलचा ठरावीक कॉन्फरन्सशी करार असतो आणि संघ त्या करारानुसार येतात. हे सगळं आपल्याकडच्या युती-आघाडीच्या जागावाटपासारखं चालतं: कोणाची ताकद किती हे बघतात, पण गेल्या खेपेला कोण कुठे लढलं, कोणाची माणसं गर्दी करतील, हेही बघतात. त्यामुळे आठ सामने जिंकलेल्या संघाला डावलून सात जिंकलेल्याला चांगला बाउल मिळतो आणि त्यात नियमभंग काहीच नसतो. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये प्लेऑफ आणि सिट्रस बाउलचे संघ ठरले की पुढच्या काही बाउलसाठी कोण कुठे जाणार, ते कॉन्फरन्सचं कार्यालयच विद्यापीठांशी आणि बाउलवाल्यांशी बोलून ठरवतं.

जुने करार तर कॉन्फरन्स मोडली तरी उरतात. २०२४ मध्ये पॅक-१२ या कॉन्फरन्समधले दहा संघ बाहेर पडले. पण त्यांचे बाउलचे करार आणखी दोन हंगाम जुन्याच नावावर चालू राहिले. सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ हंगामभर बिग टेन या नव्या कॉन्फरन्समध्ये खेळला आणि डिसेंबरात लास व्हेगास बाउलला गेला तो पॅक-१२ च्या जागेवर. हे ज्याला ठाऊक नव्हतं त्याने वर्षभर सामने पाहूनही अंदाज चुकवला असता. माझ्या मते चांगला अंदाज बांधणारा माणूस सामने कमी आणि करार जास्त वाचतो.

गैरसमज: सहा विजय म्हणजे बाउल पक्का

सहा विजयांनी मिळते ती पात्रता. आमंत्रण ही वेगळी गोष्ट. २०१२ मध्ये लुइझियाना टेकने बारापैकी नऊ सामने जिंकले. देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा संघ तोच. रस्टन या त्यांच्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर श्रीवपोर्टला इंडिपेंडन्स बाउल होतो. तिथून बोलावणं आलं. विद्यापीठाला त्याहून बरं काही मिळेल अशी आशा होती, म्हणून त्यांनी वेळ मागितला. बाउलवाल्यांनी वाट न बघता ओहायो विद्यापीठाला बोलावलं. नऊ विजय घेऊन टेकची पोरं घरी बसली.

उलटही घडतं. पात्र संघ कमी पडले की पाच विजय आणि सात पराभव असलेल्यांना दार उघडतं, आणि त्यांच्यातला क्रम लागतो खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीच्या निर्देशांकावर! २०१५ मध्ये नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट असे तीन संघ या वाटेने आले आणि तिघेही आपापला बाउल जिंकले. डिसेंबर २०२४ मध्ये मार्शल विद्यापीठाचा प्रशिक्षक दुसरीकडे गेला, पाठोपाठ खेळाडूंची गळती लागली आणि संघाने इंडिपेंडन्स बाउलमधून माघार घेतली. ऐनवेळी बदली कोण आलं? पाच विजयांवर थांबलेलं लुइझियाना टेक. समोर आर्मीचा संघ होता, टेक २७-६ ने हरलं.

गैरसमज: प्लेऑफचे संघ संगणक ठरवतो

१९९८ ते २०१३ या काळात संगणकाच्या क्रमवारीला वजन होतं. २०१४ पासून तेरा जणांची समिती निवड करते. २०२४ पासून बारा संघ घेतात. समिती दर आठवड्याला क्रमवारी नव्याने मांडते, म्हणून एकही सामना न खेळता संघ खाली येऊ शकतो. २०२५ मध्ये नोटर डेम अनेक आठवडे मायामीच्या वर होतं. दोघांचेही दहा विजय, दोन पराभव, आणि शेवटच्या आठवड्यात दोघेही खेळले नाहीत. पण क्रमवारीत दोघांच्या मधे असलेला बीवायूचा संघ हरून खाली आला, हे दोन संघ शेजारी आले आणि हंगामाच्या आरंभी मायामीने मिळवलेला २७-२४ विजय निर्णायक ठरला. रागावलेल्या नोटर डेमने मग कुठलाच बाउल खेळायला नकार दिला, आणि हा नकार कुणाच्याच यादीत नव्हता.

गैरसमज: जोडी कळली की निकालही कळतो

२०१६ च्या हंगामात लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघा खेळाडूंनी व्यावसायिक कारकिर्दीचा विचार करून बाउल सोडला, तेव्हा गहजब झाला होता. आता ते नित्याचं झालं आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराही सामने जिंकलं, पण संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी असल्याने समितीने त्यांना प्लेऑफच्या तेव्हाच्या चार संघांत घेतलं नाही. नंतर ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने त्यांना ६३-३ ने तुडवलं. म्हणजे समितीचंच बरोबर होतं, असं सांगणारे अजून भेटतात. त्या दिवशी फ्लोरिडा स्टेटचे वीसहून अधिक खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते, हे मात्र त्यांना सांगावं लागतं.